अनिवासी विक्रेत्याचा फ्लॅट आणि कमी टीडीएसचं प्रमाणपत्र: पैसे हलण्याआधी काय करायचं

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: तुम्ही बारा वर्षं न्यू जर्सीत आहात. कोथरूडचा फ्लॅट २००९ साली मुद्रांक शुल्क आणि नोंदणी धरून ३६ लाखांना घेतला होता, तो आता १ कोटी १० लाखांना ठरलाय. घेणारं जोडपं गृहकर्ज काढणार आहे. टोकनचे २ लाख तुमच्या एनआरओ खात्यात (अनिवासींचं भारतातल्या उत्पन्नासाठीचं बँक खातं) आलेत, साठेखत दिवाळीनंतर आणि खरेदीखत जानेवारीअखेर करायचं ठरतंय. एजंट म्हणतो टीडीएस (घेणाऱ्याने पैसे देतानाच कापायचा कर) १ टक्का, घेणाऱ्यांचा सीए म्हणतो पूर्ण रकमेवर जवळपास १५ टक्के. कोणीतरी तुम्हाला कमी टीडीएसच्या प्रमाणपत्राबद्दल सांगितलं. ते अमेरिकेत बसून मिळतं का, किती दिवस लागतात, की सरळ कापू द्यावा आणि नंतर रिफंड घ्यावा, असं तुम्ही विचारलंय.

मी पुण्यात सीए म्हणून काम करते आणि अनिवासी विक्रेत्यांचे असे अर्ज गेली पंधरा-सोळा वर्षं करत आले आहे. त्या अनुभवावरून सांगते, तुमची खरी अडचण फॉर्म भरण्याची नाहीच. फॉर्म भरून होतो. अडचण क्रमाची आहे. हे प्रमाणपत्र ज्या तारखेला मिळतं त्या तारखेपासून पुढच्या पैशांना लागू होतं. आधी दिलेल्या पैशांवर जो टीडीएस कापला गेला किंवा कापायला हवा होता, त्याला ते हात लावत नाही. म्हणून कोणता पैसा कोणत्या दिवशी हलणार हे तुम्ही आणि घेणाऱ्यांनी आत्ताच बसून ठरवलं, तर बाकीचं काम सोपं आहे.

आधी १ टक्क्याचं प्रकरण मिटवू. तो दर आयकर कायद्याच्या कलम १९४-आयए चा आहे. विकणारा भारतात रहिवासी असेल आणि किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल, तेव्हा घेणारा १ टक्का कापतो. विकणारा अनिवासी असला की कलम १९५ लागू होतं आणि तिथे ५० लाखांची मर्यादाच नाही. एजंट मंडळींचे रोजचे व्यवहार रहिवासी लोकांचे असतात, म्हणून त्यांच्या तोंडी १ टक्का बसलेला असतो. तुमच्या घेणाऱ्यांनी एजंटचं ऐकून १ टक्का भरला, तर उरलेल्या कराची जबाबदारी त्यांच्यावर येते, शिवाय न कापलेल्या करावर दरमहा १ टक्का व्याज. तुम्ही न्यू जर्सीत असाल, नोटीस मात्र पुण्यात त्यांच्या दारात येईल. त्यांचा सीए सावध आहे ते बरंच आहे. त्याच्याशी वाद घालू नका, त्याला सोबत घ्या.

इथे एक खात्री करून घ्या. अनिवासी असणं हे पासपोर्टवर किंवा ग्रीन कार्डवर ठरत नाही, त्या आर्थिक वर्षात तुम्ही भारतात किती दिवस होतात त्यावर मुख्यतः ठरतं. तुम्ही बारा वर्षं सलग तिकडे आहात आणि वर्षातून तीन-चार आठवडे येता, म्हणजे अनिवासीच. पण हे वाचणाऱ्यांपैकी कोणी यंदाच कायमचं परत आलं असेल, तर त्यांनी आधी दिवस मोजावेत. कदाचित त्यांना १ टक्काच लागू होईल आणि या सगळ्या खटाटोपाची गरजच पडणार नाही.

आता १५ टक्के कुठून आले ते बघू. २३ जुलै २०२४ पासून घर, जमीन यांच्यावरच्या दीर्घकालीन भांडवली नफ्याचा दर १२.५ टक्के झाला आणि इंडेक्सेशन, म्हणजे महागाईनुसार खरेदीची किंमत वाढवून धरायची सोय, गेलं. रहिवासी व्यक्तींना त्या तारखेआधी घेतलेल्या मालमत्तेसाठी इंडेक्सेशनसह २० टक्के हा जुना पर्याय ठेवलाय, अनिवासींना तो नाही. १२.५ टक्क्यांवर सरचार्ज, म्हणजे करावरचा जादा कर, लागतो: रक्कम ५० लाखांच्या वर असेल तर १० टक्के, १ कोटीच्या वर असेल तर १५ टक्के. त्यावर ४ टक्के सेस. म्हणून १ कोटी १० लाखांवर दर होतो १४.९५ टक्के, म्हणजे १६,४४,५०० रुपये. सीएने सांगितलेला आकडा बरोबर आहे.

पण हा दर लागतोय तुमच्या पूर्ण विक्री किमतीवर, आणि कर तर नफ्यावर असतो. तुमचा नफा मोजू. १ कोटी १० लाखांतून ३६ लाख खरेदी आणि १ टक्का दलाली धरली तर १ लाख १० हजार वजा केले की ७२,९०,००० रुपये उरतात. त्यावर १२.५ टक्के म्हणजे ९,११,२५०. नफा ५० लाखांच्या वर पण १ कोटीच्या आत असल्याने सरचार्ज १० टक्के, मग सेस. सगळं मिळून १०,४२,४७० रुपये. तुमचं भारतातलं दुसरं उत्पन्न मी यात धरलेलं नाही. म्हणजे कापला जाणारा कर १६ लाख ४४ हजार आणि खरा कर १० लाख ४२ हजार. मधले ६ लाख २ हजार रुपये विनाकारण सरकारकडे जाऊन बसतात. कलम १९७ खालचं प्रमाणपत्र याच फरकासाठी आहे. अधिकारी तुमचा हिशोब तपासतो आणि घेणाऱ्याला लिहून देतो की या व्यक्तीला पैसे देताना इतकाच टक्का कापा. तुमच्या बाबतीत तो साधारण ९.४८ टक्क्यांच्या आसपास यावा.

काही जण विचारतात, नफा कागदावर स्पष्ट दिसतोय तर घेणाऱ्याने स्वतःच नफ्यावर कर कापला तर काय बिघडलं? सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निकालांचा यात आधार घेतला जातो. १९९९ च्या ट्रान्समिशन कॉर्पोरेशन ऑफ आंध्र प्रदेशच्या निकालात म्हटलंय की रकमेचा काही भागच करपात्र असेल तर तो किती हे अधिकाऱ्याकडून ठरवून घ्यावं, नाहीतर पूर्ण रकमेवर कापावा. २०१० च्या जीई इंडिया टेक्नॉलॉजी सेंटरच्या निकालाने, जी रक्कम करपात्र नाही तिच्यावर कापण्याची सक्ती नाही, असं स्पष्ट केलं. दुसऱ्या निकालावर बोट ठेवून काही सीए नफ्याचा दाखला देतात आणि त्यावर घेणारा कमी कापतो. मी हा रस्ता सुचवत नाही. खरेदीची किंमत, सुधारणांचा खर्च, सूट यांतलं काहीही नंतर अमान्य झालं तर भुर्दंड पडतो घेणाऱ्याला, आणि तो बिचारा कर्ज काढून पहिलं घर घेत असतो. आपल्या सोयीसाठी त्याच्या गळ्यात धोका अडकवणं मला पटत नाही.

मग रिफंडचं काय? तोही मार्ग कायदेशीर आहे आणि कधीकधी तोच शहाणपणाचा असतो. जानेवारीत कापलेला कर तुम्ही एप्रिलनंतर विवरणपत्र भरून परत मागणार, म्हणजे पैसे हातात यायला बरेच महिने. विवरणपत्र वेळेत भरलं तर कलम २४४ए प्रमाणे एप्रिलपासून दरमहा अर्धा टक्का व्याज मिळतं, तेही करपात्र. फरक चाळीस-पन्नास हजारांचा असेल, किंवा घेणारा पंधरा दिवसांत व्यवहार उरकायला बसला असेल, तर मी पक्षकारांना रिफंडच घ्या म्हणते. सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्यातला वारसाहक्काचा हिस्सा विकणाऱ्यांचं बरेचदा असंच होतं. तिथे मूळ मालकाची खरेदी किंवा १ एप्रिल २००१ चं मूल्य धरायचं असतं, ते इतकं कमी असतं की जवळजवळ सगळी रक्कम नफाच ठरते आणि प्रमाणपत्राने फारसं काही वाचत नाही. तुमचा फरक सहा लाखांचा आहे आणि हाताशी दोन-अडीच महिने आहेत. तुम्ही अर्ज करावा असं माझं स्पष्ट मत आहे.

आता सुरुवात कुठून करायची? फॉर्म १३ पासून, म्हणजे प्रमाणपत्राच्या अर्जापासून नाही, पॅनपासून. माझ्याकडे येणाऱ्या दहापैकी निम्म्या प्रकरणांत पहिले दोन-तीन आठवडे इथेच जातात. आयकर पोर्टलवर लॉगिन करून प्रोफाइलमध्ये बघा की तुमचा दर्जा अनिवासी असा नोंदलाय का. बारा वर्षांपूर्वी नोकरीत असताना काढलेला पॅन बहुधा अजून पुण्यातल्या किंवा मुंबईतल्या साध्या वॉर्डात पडून असेल. अनिवासींचे अर्ज आंतरराष्ट्रीय कर विभागाचे अधिकारी बघतात आणि पॅन त्यांच्या अधिकारक्षेत्रात नसेल तर तुमचा अर्ज त्यांच्या टेबलावर पोचतच नाही. पॅन तिकडे वर्ग करून घेण्यासाठी जुन्या अधिकाऱ्याला पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रतींसह विनंती करावी लागते आणि तिचा पाठपुरावा करावा लागतो.

पॅन आणि आधार जोडणीचंही बघा. ३० जून २०२३ ची मुदत गेल्यावर न जोडलेले पॅन निष्क्रिय झाले. अनिवासींना आधार जोडण्याची सक्ती नाही, पण विभागाच्या नोंदीत तुम्ही रहिवासी दिसत असाल तर संगणकाला ते कसं कळणार? तुमचाही पॅन निष्क्रिय झालेला असू शकतो. निष्क्रिय पॅनवर टीडीएस चढ्या दराने कापायचा असतो आणि रिफंडही अडतो. एका पक्षकाराचं हे आम्हाला साठेखताच्या आदल्या आठवड्यात कळलं. तारीख महिनाभर पुढे गेली आणि घेणारे जवळजवळ फिरले होते.

पॅन सोबतच मागची चार वर्षं बघा. अधिकारी तुमचा दर ठरवताना या वर्षीचं अंदाजे उत्पन्न, मागच्या चार वर्षांचं विवरणपत्रातलं किंवा निर्धारित उत्पन्न, थकीत कर आणि भरलेला कर हे सगळं विचारात घेतो, नियम २८एए मध्ये तसं लिहिलेलं आहे. फ्लॅट भाड्याने दिला होता का? भाडं विवरणपत्रात दाखवलं का? एनआरओ ठेवींवरचं व्याज? हे राहून गेलं असेल तर अर्जाआधी दुरुस्त करा. मागची काही वर्षं आता अद्ययावत विवरणपत्राने भरता येतात, त्याची मुदत ४८ महिन्यांपर्यंत वाढलेली आहे. पोर्टलवर जुनी थकबाकी दिसत असेल, भले ती २०११ सालची दीड हजाराची का असेना, ती भरा किंवा तिच्यावर हरकत नोंदवा. छोट्या थकबाकीवरून अर्ज परत आलेले मी पाहिलेत.

दुसरं काम घेणाऱ्यांचं आहे आणि ते त्यांना आजच सांगा. कलम १९५ खाली कर कापायला त्यांना टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा क्रमांक, लागेल. १ टक्क्याच्या व्यवहारात टॅन लागत नाही, म्हणून त्यांना हे नवीन असेल. टॅनचा अर्ज ऑनलाइन होतो, खर्च किरकोळ आहे. नवरा-बायको दोघं घेणारे असतील तर दोघांचे वेगळे टॅन. तुमच्या अर्जात घेणाऱ्याचा टॅन लिहायचा असतो आणि प्रमाणपत्र त्या टॅनच्या नावाने निघतं. घेणाऱ्यांपैकी एकाचाच टॅन दिलात तर दुसऱ्याने दिलेल्या पैशांवर पूर्ण दराने कापावं लागेल. ही चूक मी फार वेळा निस्तरली आहे.

आता तुमच्या पत्नीच्या नावाबद्दल. तुम्ही लिहिलंय की करारात दोघांची नावं आहेत पण सगळे हप्ते तुमच्या पगारातून गेले. मग साधारणपणे नफा तुमचाच धरला जातो आणि वर दिलेला हिशोब तसाच राहतो. त्यांनीही खरोखर निम्मे पैसे घातले असते तर नफा निम्मा-निम्मा विभागला असता, प्रत्येकी ३६,४५,०००, सरचार्ज लागला नसता आणि दोघांचा मिळून कर ९,४७,७०० झाला असता. फरक मोहात पाडणारा आहे हे मला ठाऊक आहे. पण हिस्सा ठरतो तो पैसे कोणी दिले त्यावरून, आणि अधिकारी गृहकर्जाचा खातेउतारा मागतोच. जे खरं आहे तेच दाखवा, आणि साठेखतात विक्रीची रक्कम कोणाच्या खात्यात जाणार हे स्पष्ट लिहून घ्या. पत्नीचं नाव मालक म्हणून असल्याने घेणाऱ्यांचा सीए त्यांच्या हिश्श्याबद्दल विचारेल. त्याला आधीच कागद दाखवून समाधान करा, नोंदणीच्या दिवशी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत हा वाद नको.

आता अर्ज. फॉर्म १३ ट्रेसेसवर, म्हणजे आयकर विभागाच्या टीडीएसच्या संकेतस्थळावर, ऑनलाइन भरतात, शुल्क नाही. अनिवासींसाठी ट्रेसेसचं वेगळं संकेतस्थळ आहे, त्यामुळे न्यू जर्सीतून काम होतं. अर्जासाठी भारतात यायची गरज नाही. सही डिजिटल सिग्नेचरने किंवा ई-पडताळणीने. डिजिटल सिग्नेचर परदेशातून काढणं जरा किचकट आहे, तुम्ही दिवाळीत येणार असाल तर तेव्हाच काढून ठेवा.

कागदपत्रांत महत्त्वाचं ते सांगते. २००९ चा बिल्डरबरोबरचा करार आणि त्याचा इंडेक्स टू (नोंदणीचा सरकारी उतारा), मुद्रांक शुल्क आणि नोंदणीच्या पावत्या, बिल्डरला दिलेल्या प्रत्येक हप्त्याची पावती आणि त्याला जुळणारा बँक किंवा कर्जाचा उतारा. सोळा वर्षांपूर्वीचे बँक उतारे मिळवायला वेळ लागतो. बँकेच्या शाखेत आजच अर्ज द्या. पैसे दिल्याचा पुरावा नसला की ती रक्कम खर्चातून वगळली जाते, मग कराराचा कागद कितीही पक्का असो. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, आत्ताच्या व्यवहाराचा लेखी करार, घेणाऱ्यांचे पॅन आणि टॅन, तुमच्या पासपोर्टच्या प्रती, चार वर्षांची विवरणपत्रं आणि भांडवली नफ्याचा हिशोब हेही लागतं. हिशोबाचा कागद मी नेहमी एकाच पानात बसवते आणि प्रत्येक आकड्यापुढे कोणत्या जोडपत्रात पुरावा आहे ते लिहिते. अधिकाऱ्याला वरिष्ठांची मंजुरी घ्यावी लागते, त्याच्या हातात असा कागद असला तर त्याचंही काम हलकं होतं आणि शंका कमी निघतात.

खर्चात काय धरायचं यावर दोन शब्द. स्वयंपाकघराचा ओटा नव्याने केला, गॅलरी बंदिस्त केली, फरशी बदलली, आणि त्याची बिलं व बँकेतून दिलेले पैसे आहेत, तर ते दाखवा. सोफा, पडदे, एसी यांना सुधारणा म्हणत नाहीत. गृहकर्जाचं व्याज उत्पन्नातून वजावट म्हणून घेतलं असेल तर तेच पुन्हा खरेदीच्या किमतीत धरता येत नाही, २०२३ च्या वित्त कायद्याने ती वाट बंद केली.

रेडी रेकनरचा दर बघायला विसरू नका. सरकारी मूल्य तुमच्या किमतीच्या ११० टक्क्यांहून जास्त निघालं तर नफा सरकारी मूल्यावर मोजला जातो. तुमच्या बाबतीत ती मर्यादा १ कोटी २१ लाख. कोथरूडच्या जुन्या इमारतींत, लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर असं होऊ शकतं. आधीच माहीत असेल तर निदान प्रमाणपत्रातला दर पाहून धक्का बसत नाही.

तुम्ही दुसरं घर किंवा रोखे घेण्याचा विचार करताय असं ओझरतं लिहिलंय. कलम ५४ईसी चे रोखे विक्रीपासून सहा महिन्यांत घेता येतात, मर्यादा ५० लाख, मुदत पाच वर्षं. आरईसी, पीएफसी, आयआरएफसी या सरकारी कंपन्यांचे असतात. तुम्ही पूर्ण ५० लाख गुंतवले तर करपात्र नफा २२,९०,००० उरतो आणि कर फक्त २,९७,७०० होतो. पण प्रमाणपत्र देताना अधिकारी ही सूट आधीच धरेल का, हे त्या अधिकाऱ्यावर आणि तुमच्या पुराव्यावर अवलंबून आहे. विक्रीच झालेली नसताना गुंतवणूक झालेली नसते, नुसता इरादा असतो. काही अधिकारी हमीपत्र घेऊन सूट धरतात, काही म्हणतात की विवरणपत्रात मागा. दुसऱ्या घरासाठी कलम ५४ ची सूट मागत असाल आणि त्या घराचा नोंदलेला करार किंवा दिलेले पैसे दाखवता आले, तर बाजू बरीच भक्कम होते. मी अर्जात सूट मागते, पण पक्षकाराला सांगून ठेवते की तिच्याविनाचा दर गृहीत धरून पैशांची आखणी करा. एक नक्की, आपल्याला खरंच पाच वर्षं पैसे अडकवायचे आहेत का हे आधी स्वतःला विचारा. कर वाचतो म्हणून घाईने रोखे घेतले आणि पुढच्याच वर्षी मुलीच्या कॉलेजसाठी पैसे कमी पडले, असं कुटुंब मी जवळून पाहिलंय.

वेळ किती लागतो? कागद पूर्ण असतील आणि पॅन योग्य जागी असेल तर माझ्या अनुभवात चार ते आठ आठवडे. अधिकाऱ्याची बदली, मार्चअखेरची गर्दी, एखादी शंका यांनी तो वाढतो. शंका ट्रेसेसवर येते आणि उत्तराला दिवस थोडे असतात. तुमच्या वेळेत आणि आमच्या वेळेत साडेनऊ ते साडेदहा तासांचा फरक असतो, त्यामुळे ईमेल रोज बघा किंवा इथल्या सीएकडे लॉगिनची जबाबदारी द्या. उत्तर गेलं नाही म्हणून अर्ज निकाली निघाला तर रांगेत पुन्हा पहिल्यापासून उभं राहावं लागतं.

प्रमाणपत्र त्या आर्थिक वर्षापुरतं असतं. तुमचं खरेदीखत जानेवारीअखेर आहे, म्हणजे मार्चपर्यंत दोन महिने हाताशी राहतात. बँकेच्या कर्जाला उशीर होऊन ताबा आणि शेवटचे पैसे एप्रिलमध्ये गेले तर हे प्रमाणपत्र चालणार नाही, नवा अर्ज लागेल. त्यातच १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू होतो, त्यात कलमांचे क्रमांक बदललेत. मी इथे दिलेले सगळे क्रमांक १९६१ च्या कायद्याचे आहेत. म्हणून मार्चच्या आत सगळे पैसे हलतील अशा तारखा धरा.

आता त्या २ लाखांबद्दल, जे आधीच तुमच्या खात्यात आलेत. त्यावर घेणाऱ्यांनी कर कापायला हवा होता, कारण कलम १९५ प्रत्येक हप्त्याला लागू होतं, टोकनलाही. पुढे मिळणारं प्रमाणपत्र या रकमेला पुरणार नाही. माझा सल्ला असा की टॅन हाती आल्याबरोबर घेणाऱ्यांनी या २ लाखांवर पूर्ण दराने २९,९०० रुपये कर आणि उशिराचं व्याज भरावं आणि तेवढी रक्कम पुढच्या हप्त्यातून वळती करून घ्यावी. व्याज थोडं आहे, ते तुम्ही सोसा. चूक दोघांच्या अजाणतेपणातून झाली असली तरी अनिवासी तुम्ही आहात, सांगायचं काम तुमचं होतं. काही जण टोकन परत करून नव्याने घ्या असं सुचवतात. बँकेच्या उताऱ्यात आलेला पैसा दिसतोच, मला सरळ भरून टाकणं जास्त स्वच्छ वाटतं.

इथून पुढे मात्र प्रमाणपत्र हाती येईपर्यंत एक रुपयाही घेऊ नका. साठेखत करायची घाई घेणाऱ्यांना असेल, कारण त्याशिवाय बँक कर्ज मंजूर करत नाही. तेव्हा साठेखत करा, पण त्यात पैशांचे टप्पे असे लिहा की पुढची रक्कम प्रमाणपत्र मिळाल्यानंतर किंवा अमुक तारखेला, यांपैकी जे आधी होईल तेव्हा दिली जाईल, आणि त्या तारखेपर्यंत प्रमाणपत्र आलं नाही तर पूर्ण दराने टीडीएस कापला जाईल. यात घेणाऱ्यांनाही शाश्वती मिळते की तुमच्या कागदांसाठी त्यांचा व्यवहार लटकणार नाही. याच साठेखताची प्रत अर्जाला जोडता येते. आई तुमच्या वतीने कुलमुखत्यारपत्रावर सही करणार असेल तर ते पत्र तिकडे साक्षांकित करून आणि इथे वेळेत मुद्रांकित करून घ्यायला लागेल, त्याची तयारी आत्ता सुरू करा.

प्रमाणपत्र आलं की त्यावर तीन गोष्टी तपासा: टॅन बरोबर आहेत का, दर किती, आणि रकमेची मर्यादा किती. मर्यादेपलीकडच्या रकमेवर पुन्हा पूर्ण दर लागतो, म्हणून पार्किंगची वेगळी रक्कम ठरली असेल तर ती अर्जातच धरलेली असावी. घेणाऱ्यांच्या सीएला ते ट्रेसेसवर तपासून घेऊ द्या. त्यांचा विश्वास तुमच्या शब्दावर नको, नोंदीवर असू दे. बँकेकडून येणारी कर्जाची रक्कम थेट तुमच्या खात्यात येईल, तेव्हा टीडीएसची रक्कम घेणाऱ्यांना स्वतःच्या खिशातल्या हिश्श्यातून भरावी लागते. हा आकडा कर्ज मंजुरीच्या वेळीच त्यांना माहीत असायला हवा, नाहीतर शेवटच्या दिवशी त्यांच्याकडे नऊ-दहा लाख मोकळे नसतात आणि नोंदणी अडते.

कर कापल्यावर त्यांनी पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत तो भरायचा आणि अनिवासींच्या टीडीएसचं तिमाही २७क्यू विवरणपत्र भरायचं. त्यात प्रमाणपत्राचा क्रमांक लिहिला नाही तर संगणक कमी कपातीची नोटीस काढतो, म्हणून हे त्यांच्या सीएला लेखी कळवा. मग तुम्हाला फॉर्म १६ए, म्हणजे कर कापल्याचा दाखला, मिळेल. एनआरओ खात्यातून अमेरिकेत पैसे पाठवताना फॉर्म १५सीए आणि १५सीबी लागतील, एका आर्थिक वर्षात दहा लाख डॉलरची मर्यादा आहे, तुमची रक्कम त्यात आरामात बसते. तिकडच्या विवरणपत्रात हा नफा दाखवावाच लागेल. भारतात भरलेल्या कराचं श्रेय मिळतं, पण ते खऱ्या कराचं, परत मिळू शकणाऱ्या टीडीएसचं नाही, म्हणून तिकडच्या सीपीएला (अमेरिकेतला सीए) प्रमाणपत्र आणि हिशोब दोन्ही द्या.

आणि प्रमाणपत्रात आलेला दर तुमच्या खऱ्या कराशी अगदी जुळला तरी जुलैच्या मुदतीत भारतातलं विवरणपत्र भरा. प्रमाणपत्र देताना अधिकाऱ्याने धरलेला हिशोब अंदाजाचा असतो. दलालीचा शेवटचा आकडा, रोखे घेतल्याची तारीख, ठेवींचं व्याज हे सगळं धरून अंतिम कर विवरणपत्रातच ठरतो.